पाटोडी, पावडर आणि नानाकाका

नानाकाकांना कोणी काही सांगितलेलं खपत नसे. "तुले कोनं सांगतलं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. तुरीचा भाव उतरला म्हणा, अमक्याच्या मुलीचं जमलं म्हणा, सांगणाऱ्याची उलटतपासणी झाल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नसे. ते अकोल्याच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. गाड्यांची घोषणा स्वतःच भोंग्यावरून करत. एकदा एक म्हातारा खिडकीशी येऊन म्हणाला, "साहेब, परतवाड्याची गाडी लागली म्हन्ते." हे म्हणाले, "तुले कोनं सांगतलं?" त्याने वर भोंग्याकडे बोट दाखवलं.

ते माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. मी अमरावतीला, ते अकोल्याला. महिन्याकाठी एक रविवार मी त्यांच्याकडे जात असे आणि जेवताना आमचा वाद ठरलेला. काकू मध्ये पडत नसत. "दोघं बोलून घ्या, मंग पोळ्या टाकतो," एवढंच म्हणत.

साठी उलटल्यावर त्यांच्या छातीत दुखलं आणि हृदयाच्या एका नळीत स्प्रिंग बसवावी लागली. तेव्हा वाईट कोलेस्टेरॉलचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर होता. मला आकडे लक्षात राहतात. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं: मटण बंद, तळलेलं कमी, प्रथिनांसाठी हरभरा, मूग, मसूर, सोयाबीन खा, आणि रात्री ही एक गोळी, न चुकता. नानांना त्यातला हरभरा तेवढा ऐकू आला. पुढच्या रविवारी ताटात पाटोड्यांचा रस्सा होता आणि त्यावर बोटभर लाल तर्री.

"नाना, हे चालते तुमाले?"

"काहून नाई चालत? डॉक्टरीनबाई काय म्हने? हरबरा खा. पाटोडी कायची? बेसनाची. बेसन कायचं? हरबऱ्याचं."

"आन् वरचं तेल?"

"तो त रंग हाये बे!"

हा युक्तिवाद आमच्या भागाबाहेर कोणाला सुचणार नाही. मी हसलो. पण त्यांनी पथ्य अगदीच सोडलं होतं असं नाही, हेही लिहिलं पाहिजे. मटण सुटलं. सकाळी भिजवलेले हरभरे, संध्याकाळी मुगाची उसळ, कधी सोयाबीन घातलेल्या पिठाची पोळी. पुढे पुढे तर्रीही उतरली. काकू ती पळीने वेगळी काढत आणि नाना त्या पळीकडे बघत जेवत. गोळीही चालू होती. काही महिन्यांनी आकडा शहाण्णववर आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान. डाळी-कडधान्यांनी थोडा हातभार लावला. मोठं काम गोळीचं आहे."

हे नानांना लागलं. घरी येईपर्यंत धुसफुसत होते. "गोळी वाटान्याएवढी बी नाई. मी रोज वाटीभर हरबरे खातो. दोघांत जास्त काम कोनाचं असन, तूच सांग." मी सांगितलं. त्यांनी अर्थातच विचारलं, मला कोणी सांगितलं.

आणि मग "सर" आले. हा काकूंच्या मावसबहिणीचा मुलगा, अमरावतीत शिकवणी वर्ग चालवायचा म्हणून सगळे त्याला सर म्हणत. वर्ग बंद करून तो आरोग्य सल्लागार झाला होता. त्यासाठी नेमकं काय शिकावं लागतं, हे मला आजवर कळलेलं नाही. त्याने टेबलावर एक चकचकीत डबा ठेवला: वाटाणा, सोयाबीन आणि जवसाच्या प्रथिनांची पावडर.

"काकाजी, तुमी जे वाटीभर खाता ना, त्याचा हा अर्क. दोन चमचे सकाळी, दोन संध्याकाळी. गोळी म्हंजे शेवटी केमिकल. ते लिव्हर खाते. हे आपल्या मातीतलं हाये. दोन महिन्यात गोळी बंद करा, काई होत नाई."

मी नानांकडे बघत राहिलो. आता विचारतील. ज्या माणसाने आयुष्यभर कंडक्टरला, प्रवाशाला, जावयाला, मला, भर दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना तो प्रश्न विचारला, तो आता विचारेल. नानांनी विचारला नाही. डबा हातात घेऊन ते समाधानाने म्हणाले, "पाह्य लेका. मी काय म्हनत होतो?"

मी डबा उलटा केला. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे कोणत्याही आजारावरचं औषध नाही. मोठ्याने वाचून दाखवलं.

"ते कायद्यासाठी लिहा लागते दादा," सर हसत म्हणाले.

"म्हणजे डब्यावर खरं लिहिता आणि तोंडाने खोटं बोलता?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. नानांनी मलाच गप्प केलं. "पाहुना हाये तो. चहा घे."

गोळी बंद झाली. काकूंनी मला फोनवर सांगितलं. मी मुद्दाम रजा टाकून अकोल्याला गेलो, भांडलो. "आकडा तरी तपासा," म्हटलं. "आता कायले तपासाचा? मले बरं वाटून राह्यलं," एवढंच उत्तर. बरं वाटत होतं हे खरंच. हा आकडा वाढताना दुखत नाही, हेच तर त्याचं वाईट आहे.

माघातल्या एका सकाळी अंगणात बसून ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलता सोलता ते कलंडले. दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत.

जो तो येऊन म्हणत होता, "वेळ आली होती." मला हे वाक्य सहन होत नाही. गोळी चालू असती तर नाना आज असतेच, असं मी म्हणणार नाही. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या की एका माणसाबद्दल असं ठामपणे कोणी सांगू शकत नाही. पण जी संधी त्यांची होती, ती कोणीतरी हसत हसत, चहा पीत काढून घेतली. त्याला वेळ म्हणायचं? हरभऱ्यावर माझा राग नाही. त्याने आपलं थोडंसं काम इमानाने केलं होतं. त्याच्या नावावर कोणी काय खपवलं, त्याचा राग आहे.

तेरवीला सर आले, आईला घेऊन. पंगतीत बसले. काकू वाढणाऱ्यांच्या मागे उभ्या होत्या. सर त्यांना जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाले, "मावशी, तुमची बी कोलेस्टेरॉलची गोळी चालू हाये ना? दोन डबे देऊन ठेवतो. पैशाचं नंतर पाहू."

काकू आयुष्यात चार माणसांत बोलल्या नव्हत्या. बोलण्याचं खातं नानांकडे होतं. त्या सरांच्या शेजारी बसलेल्या आपल्या मावसबहिणीकडे वळल्या.

"काहो बाई, तुमाले बी हेच गोळी हाये न? बंद केली का तुमी?"

त्या म्हातारीला मुलाच्या सल्ल्याचं काहीच ठाऊक नव्हतं. घास खाली ठेवून ती कौतुकाने म्हणाली, "नाई वं माय, मी कायले बंद करू? हाच त आनून देते दर महिन्याले. एक दिवस चुकली त मले रागावते."

वरणाची बादली घेऊन माझा चुलतभाऊ सरांच्या पानापर्यंत आला होता. काकूंनी चुलतभावाच्या हातून पळी घेतली, सरांच्या भातावर वरण वाढलं आणि म्हणाल्या, "जेव बाप्पा. तुही माय जित्ती हाये."