निरोपाच्या अलीकडे

कोडोलीहून रोज एसटीनं येणाऱ्या आमच्या लॅबमधल्या ताईंनी त्या दिवशी मला तारलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण घडलेलं सांगायला लागलो की मी माझ्या भीतीचंच सांगत बसतो आणि ताई मागं राहतात.

मी गोंदियाकडचा. आठवीत शाळा सुटली. फिरत फिरत कोल्हापुरात लग्नाच्या फिल्म बनवणाऱ्या लॅबमध्ये आलो आणि आतल्या खोलीतला सर्व्हर मालकांनी माझ्याकडे दिला. सगळ्या फिल्म त्याच्यावर. त्यात हंगामाहंगामाचे वेगळे कप्पे पाडलेले असतात, त्यांना व्हॉल्यूम म्हणतात. जागा भरली की सर्वांत जुना व्हॉल्यूम काढून टाकायचा. तो काढ म्हणून सांगून मालक सकाळीच सांगलीला गेले होते.

मी काढायला गेलो तर सर्व्हर म्हणाला, व्हॉल्यूम वापरात आहे, काढता येणार नाही. दुसऱ्यांदाही तेच. कोण वापरतंय? खोलीत मी एकटा. दुसरा कुणी असता तर बाहेर येऊन ताईंना विचारलं असतं. मला विचारायचीच धास्ती. तोंड उघडलं की आपली आठवी दिसणार असं वाटतं. म्हणून मी व्हॉल्यूमच्या आत शिरून एकेक फोल्डर पुसलं. यादी कोरी झाली.

पण जागा पुरती सुटली नाही. यादीत काही नाही, तरी मोठा तुकडा अडकलेला. मी परत परत पाहिलं. रिकाम्या घराचं दार ढकलावं आणि आतून कुणीतरी पाठ लावून बसलेलं असावं, तसं ते होतं.

तेवढ्यात बाहेरून सनई ऐकू आली. काउंटरवरच्या टीव्हीवर ताईंनी एक लग्न लावलं होतं. पंगत बसली होती. फेटा बांधलेला एक जाडसर माणूस जिलेबी वाढत होता. कोपऱ्यातलं फाइलचं नाव मी वाचलं. ते मी दहा मिनिटांपूर्वी पुसलं होतं. ही माणसं आता कुठंच नव्हती, आणि तरी जेवत होती.

मी ताईंना सगळं सांगितलं. त्या टीव्हीकडे बघत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, ही नृसिंहवाडीच्या मुलीची फिल्म. तिचा पेन ड्राइव्ह पुराच्या पाण्यात गेला, आणि त्यानंतर वडीलही गेले. वाढतायत ते तेच. दुसरी प्रत कुठंच नाही. मुलगी चार वाजता न्यायला येणार म्हणून ताई ती लावून बघत होत्या.

"वापरात हाय म्हणतंय तर कोण धरून बसलंय ते बघायचं आदी," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं पावण्याला ताटावरनं उठवत्यात काय, पावणं?"

मग त्यांनी समजावलं. पुसलं की फक्त यादीतलं नाव जातं. टीव्हीनं फाइल उघडून धरलीय तोवर आतला ऐवज शाबूत आहे, आणि त्या धरलेल्या टोकानंच तो बाहेर काढता येतो. फिल्म संपली की टीव्ही टोक सोडणार. थांबवून ठेवली तर पडदा झोपी जाऊन सोडणार. संपायला बारा मिनिटं होती; दुसरीकडे उतरवून घ्यायला निदान चाळीस लागणार होती.

"मी आत बसते. तू हितनं हलू नकोस. धा-धा सेकंदानं मागं घे. लांब उडीचा भरवसा न्हाय, टीव्ही फाइल सोडंल."

मी रिमोट घेऊन उभा राहिलो. पंगत उठायची, मुलगी वडिलांच्या गळ्यात पडायला निघायची, की मी बटण दाबत सुटायचो. तो माणूस तुकड्यातुकड्यानं मागं सरकत पंगतीत जायचा, ताटातल्या जिलेब्या त्याच्या हातात परत यायच्या. मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणायचा, "जेवल्याबिगार जायाचं न्हाय हां."

बाहेर ऊन होतं, रिक्षा ओरडत होत्या. दुकानात मात्र ती एकच दुपार फिरून फिरून येत होती. पाचव्या खेपेला मला वाटलं, तो कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे बघतोय. सातव्या खेपेला तो बोलायच्या आधी जरा थांबला, असं मी शपथेवर सांगेन. गेलेल्या माणसाला मी पुन्हा पुन्हा कामाला लावत होतो, आणि मी दमलो तर तो संपणार होता. एक गिऱ्हाईक फोटोचे दर विचारायला आलं. मी मान न वळवता नंतर या म्हणालो. ते शिव्या घालत गेलं.

आतून ताई म्हणाल्या, "आलं सगळं. सोड आता."

मी हात काढला. मुलगी रडली, गाडी निघाली, तो माणूस फेटा सोडून हातात घेऊन रस्त्यात उभा राहिला. मग पडदा काळा झाला. टीव्हीनं फिल्म पहिल्यापासून लावायला बघितलं आणि लिहिलं, फाइल सापडत नाही.

उतरवलेली फिल्म आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत पळवून पाहिली. सगळी होती. चारला मुलगी आली, फिल्म भरलेला नवा ड्राइव्ह पर्समध्ये घालून दोन्ही हातांनी धरून गेली. तिला आम्ही काही सांगितलं नाही. मालकांना मात्र ताईंनी संध्याकाळी सगळं सांगितलं, आणि चूक दोघांची म्हणून सांगितली. दोघांनी मिळून बोलणी खाल्ली. कामावर मी राहिलो.

आता अडलं की विचारतो. ताई हसतात, पण सांगतात. त्यांच्या वाटणीची चूक नसताना त्यांनी ती उचलली, हे मी विसरलेलो नाही. ताई, कधीतरी तुमच्यावर असंच काही येईल तेव्हा अर्धं माझ्या नावावर घ्या. मी नाही म्हणणार नाही. आणि तोवर कुठंही असलो तरी बोलावल्यावर येईन.