गुरुवारची पाण्याची खबर

धक्क्यावर माझ्या आत्याला सगळे खबरबाई म्हणत. तिच्या दुकानात गळ, दोऱ्या, शिशाची वजनं आणि जिवंत आमिष मिळायचं. पण लोक तिला ओळखायचे ते दर गुरुवारच्या पेपरासाठी ती लिहायची त्या अर्ध्या पानामुळे. पाणी किती गरम, वारा कुठला, भरती कधी, लाट केवढी, खडकावर कोणता मासा लागतोय आणि खोल पाण्यात कोणता, एवढंच त्यात असायचं. हौसेने गळ टाकायला येणारी मंडळी सुट्टीचा बेत त्या अर्ध्या पानावर ठरवायची. एकोणतीस वर्षांत तिने एकही गुरुवार चुकवला नव्हता. मुलगी झाली तेव्हा खाटेवर बसून लिहिलं आणि भरतीची वेळ चुकली. त्यावरून ती अजून स्वतःवर चिडते.

सुरुवातीची वीसेक वर्षं काम सोपं होतं, कारण आतोबा, म्हणजे तिचे यजमान, स्वतः बोट चालवायचे. घरी आले की पाय धुता धुता सगळं सांगायचे. मोजकं बोलत, पण बोलत ते खरं असे. मग त्यांचे गुडघे गेले. बोट धाकट्या भावाकडे गेली. आत्याच्या या दिराला सगळे नुसतं 'धाकटे' म्हणायचे. तेव्हापासून पाण्याची बातमी चार तांडेलांच्या, म्हणजे बोटी चालवणाऱ्यांच्या, तोंडून गोळा करावी लागली. एकाला विचारलं तर मासा समुद्रात मावत नसायचा. दुसऱ्याला विचारलं तर मासा होता, पण गिऱ्हाइकालाच दोरी ओढता येत नव्हती. यातून खरं निवडता निवडता आत्याचा जीव मेटाकुटीला यायचा.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पाणी तापलं ते निवेचना. धक्क्याच्या टोकाला जाऊन ती बादली सोडायची आणि तापमापक बुडवायची. एकतीस, साडेएकतीस, बत्तीस. दुकानातल्या टाकीत आमिषासाठी ठेवलेल्या तारल्या सकाळी पोट वर करून तरंगत असायच्या. त्या जाळीने काढायच्या, टाकी घासायची, पाणी बदलायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सुरमई किनारा सोडून गेली. तांबोशी खोल कपारीत जाऊन बसली, वर यायचं नाव घेईना. तीन गुरुवार ओळीने आत्याने लिहिलं, "पाणी गरम. मासा नाही." लोक येईनासे झाले. चारही बोटी धक्क्याला बांधलेल्या राहिल्या.

चौथ्या बुधवारी धाकटे दुकानात आले. जन्मभर माशांना गळ टाकणारा माणूस, त्या दिवशी वहिनीला गळ घालायला आला होता. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग म्हणाले, "वहिनी, खोटं लिहा असं नाही म्हणत मी. खोल पाण्यात थोडाफार आहे, एवढंच लिहा. एवढा मोठा समुद्र, कुठेतरी असणारच की."

"तुम्हाला दिसला का, भाऊजी?"

धाकटे काउंटरवरचं शिशाचं वजन उचलून हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तीन आठवडे घरात बसलोय. भिंतीच्या भेगासुद्धा पाठ झाल्या."

आत्याने आतल्या खोलीकडे पाहिलं. आतोबा पाय लांब करून बसले होते. त्यांनी ऐकलं होतं, पण मान खिडकीकडे वळवली. आत्या त्या दिवशी पहाटेपासून उभी होती. तिने लिहून टाकलं, "खडकाच्या पलीकडे खोल पाण्यात थोडाफार मासा लागतोय." पुढे एकदा मला म्हणाली, "लिहिताना मला काहीच वाटलं नाही गं."

शनिवारी धक्का भरला. रविवारी दुपारी सगळे हात हलवत परतले. कुणी कुरकुरत गेलं, कुणी न बोलता. त्यांच्यात एक म्हातारे गृहस्थ होते. मुलाने त्यांना दिवसभर गाडी चालवून आणलं होतं. दोन्ही दिवस ते धाकट्यांच्या बोटीत उन्हात बसून राहिले होते. मुलगा गाडीत सामान भरत होता तेवढ्यात ते काठी टेकत दुकानात आले आणि स्टुलावर बसले. खबर लिहिणाऱ्या बाईंना एकदा भेटावं म्हणून आलो, म्हणाले.

आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवण्याचं काम केलेलं. बायको अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेली, तिला सोडून कुठे जाणं नाही. तिच्या उशाशी बसून ते दर आठवड्याला आत्याचं अर्धं पान वाचायचे, तिलाही मोठ्याने वाचून दाखवायचे. चार महिन्यांपूर्वी ती गेली. मुलगा कधीचा चला म्हणत होता, पण मासा नाही असं वाचून त्यांनीच त्याला थांबवलं होतं. या वेळी आहे असं वाचलं, तेव्हा निघाले.

"नाही लागला, त्याचं काही नाही," ते म्हणाले. "समुद्र आहे, तुमचा अंदाज चुकायचाच एखाद्या वेळी."

आत्या म्हणते, तिथे गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण तिला राहवलं नाही. "अंदाज चुकला नाही," ती म्हणाली. "मला माहीतच नव्हतं. तरी लिहिलं."

म्हाताऱ्यांनी काठी हातात घेतली. "असं नको होतं करायला," म्हणाले, आणि उठले. आत्याने चहा पुढे केला होता, तो तसाच राहिला.

पुढच्या गुरुवारी तिने लिहिलं, "मासा नाही. मागच्या वेळी खोल पाण्यात आहे असं लिहिलं होतं. ते मी पाहिलं नव्हतं, कुणी पाहिल्याचं सांगितलंही नव्हतं. चूक माझी." दिराचं नाव काढलं नाही, पण धक्क्यावर कुणाला काय लपतं? चारही तांडेलांचं तिच्याशी बिनसलं. बातमी द्यायचं बंद झालं, गळ-दोऱ्या दुसरीकडून घ्यायला लागले. धाकट्यांनी तर सख्ख्या भावाच्या घरी पाऊल टाकणं सोडलं. आतोबांचं जेवण कमी झालं.

मग आत्याने काय करावं? दीपगृहाला सामान पोचवणारी एक जुनी बोट दर बुधवारी जायची, तिच्यात ती बसू लागली. वय त्रेसष्ट. आणि एक गोष्ट तिने आजवर कुणाला कळू दिली नव्हती. इतकी वर्षं लाटेची उंची लिहिणाऱ्या या बाईला बोट लागायची. लग्नानंतर एकदा गेली होती, ती पुन्हा कधी नाही. आता दर बुधवारी कडेला ओणवी होऊन ओकायची, तोंड पुसायची, तापमापक बुडवायची, दोन तास गळ टाकून बसायची. घरी आली की आतोबा तिच्यासाठी गरम पाणी काढून ठेवायचे आणि म्हणायचे, सोड आता हे. ती म्हणायची, सोडते, पुढच्या गुरुवारपासून.

असे चार महिने गेले. एका बुधवारी धाकट्यांची बोट जवळून गेली आणि त्यांनी वहिनीला त्या अवस्थेत पाहिलं. त्या वेळी हाकसुद्धा मारली नाही. पुढच्या बुधवारी उजाडताच दुकानाच्या दारात उभे.

"त्या बोटीने जाऊ नका, वहिनी. फार डोलते ती. माझ्यात बसा."

"आणि मासा नाही लागला तर?"

"तर नाही म्हणून लिहा."

एवढंच. माफी कुणी मागितली नाही, कुणी वाटही पाहिली नाही. आतून आतोबांनी दोघांसाठी चहा टाकला.

पुढे पाणी निवलं, मासाही आला, पण पूर्वीच्या मानाने थोडा. उरलेल्या तीन तांडेलांपैकी दोघांनी बोटी विकल्या. अर्धं पान वाचणारेही कमी झाले. ते म्हातारे पुन्हा आले नाहीत, आणि ते अजून वाचतात की नाही, हे कळायला मार्ग नाही. धाकट्यांची बोट कमी डोलते म्हणतात, पण आत्याला तीही लागते. बुधवारी परत आली की ती पायरीवर बसते, डोकं चौकटीला टेकते आणि हाताने खूण करते की अर्धा तास मला कुणी काही विचारू नका.