नागपूरच्या प्रदर्शनात वन्संच्या कुंच्या

माझ्या नणंदबाई, आमच्या वन्सं, सासरहून कायमच्या परत आल्या, तेव्हापासून त्यांचा हात सुईला आणि तोंड बंद. वन्संचे शिवणे मामंजींना रिकामपणचा उद्योग वाटे. नागपूरच्या प्रदर्शनात बायकांच्या हस्तकामाला जागा मिळते असे कळले, तशी मी हट्टालाच पेटले. मामंजी म्हणाले, "जा. पण इकलं नाही तं सुई ठेवून द्याची अन् वावरात लागाचं."

खाप्याहून सावनेरपर्यंत बैलांची दमणी, पुढे नागपूरच्या इतवारी स्टेशनापर्यंत छोटी आगगाडी. सोबतीला हे होतेच. धूळ फार, म्हणून जाणाऱ्यांनी माल दुहेरी गाठोड्यात बांधावा. भाकरी आणि पाटवड्या आम्ही पाटणसावंगी स्टेशन येण्याआतच फस्त केल्या. इतवारीला टांगेवाला सांगेल ते देऊ नका. चालू लागा, तो मागे येतो.

मांडणी मात्र झकास! बाळांसाठी साटिनच्या कुंच्या, झालरीची झबली. शहरातल्या बायकांसाठी म्हणून मुद्दाम कोरे, चकचकीत कापड. बायका टाका निरखत, "किती सुरेख!" म्हणत आणि पुढे जात. दुपारपर्यंत एक कुंची हलली नाही. वन्संनी पाणीसुद्धा घेतले नाही.

शेवटी महाल पेठेतल्या एका आजीबाईंनी कुंची गालाला लावून पाहिली. "काहून वं बाई, तान्ह्या लेकराले कोरं कापड घालतेत का? टोचते न त्याले! जुन्या लुगड्याचं नाही काही?"

आमच्या घरीही बाळाचे पहिले अंगडे जुनेराचेच असते. नागपुरात ते चालायचे नाही, हे आमचे दीडशहाणपण!

"दुसऱ्याच्या घरचं जुनेर तुमच्या नातवाले कसं घालू, आजी?" वन्सं म्हणाल्या. "तुमचं आणा. इथंच शिवून देते."

संध्याकाळी आजी लुगडे घेऊन हजर. दुसऱ्या दिवशी वन्सं मांडी घालून शिवत होत्या आणि भोवती जुनेरे घेतलेल्या बायकांचा गराडा. कोणाचे आईचे, कोणाचे सासूचे. प्रत्येकीला त्याची हकिकत सांगायचीच होती. वन्सं उलट प्रश्न विचारत होत्या, हसत होत्या! मला रडूच आले. साटिनच्या दोन कुंच्या खपल्या, त्याही बाहुल्यांसाठी.

नागपूर कसे आहे म्हणाल, तर मी फारसे पाहिलेच नाही. वन्सं हसताना पाहिल्या, तेवढे मला पुष्कळ झाले.

घरी आलो तेव्हा गाठोडे दुप्पट झाले होते. मामंजींनी सुस्कारा टाकला. "समदं वापस आणलं न?"

"हे लोकाईचं आहे, बाबा. शिवून पाठवाचं आहे," म्हणत वन्संनी गाठ सोडली.

"बोहारीण झाली काय वं?" म्हणत ते एकेक जुनेर चाळत राहिले. मग आत गेले आणि सासूबाईंचे लुगडे घेऊन आले. त्या गेल्यावर ते त्यांनी जपून ठेवले होते, हे आम्हाला ठाऊकच नव्हते.

"याची मले वाकळ शिवून दे, पांघराले," ते म्हणाले. "पण पहिले लोकाईचं कर. माह्यं मंग."