चुन्याने बुजवलेली भोकं

ही हकीकत मी कितीतरी वर्षं टाळली. खिडक्यांचा विषय निघाला की चहा सांगायच्या निमित्ताने मी उठून जायचो. पत्नी होती तोवर ती माझ्याकडे नुसती पाहायची. आता तसं पाहणारंही कोणी नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

शाळेतून निवृत्त झालो त्या वर्षी वडसा गावच्या आमच्या घरातल्या सागवानी खिडक्या काढायचं ठरवलं. वाळवीने चौकटी आतून पोकळ केल्या होत्या. गावात तेव्हा ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या नव्याने येऊ लागल्या होत्या. काम दिलं ते गावातल्याच एका मुसलमान मिस्त्रीला. बाप सुतार होता; यानं या नव्या खिडक्यांचं कंत्राट घ्यायला सुरुवात केली होती. मंडई, म्हणजे आमच्याकडची गावजत्रा, आठ दिवसांवर आली होती. दिवाळीनंतरच्या मंडईला आमच्याकडे लेकी-जावयांपासून लांबच्या सोयऱ्यांपर्यंत सगळे येतात. जत्रा पाहतात, नाटक पाहतात आणि घरही निरखून जातात. मी त्याच्या मागे सारखा लकडा लावला होता.

घाईत त्याने काम वाईट केलं. हे आधी सांगतो, कारण तेही खरं आहे. बैठकीतल्या खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत त्याने सिमेंटच्या गोणीचा कागद कोंबला आणि वरून पातळ लेप दिला. मी दाबून पाहिलं तर बोट आत गेलं. स्वयंपाकघरातली खिडकी इतकी कलली होती की तिची काच आपोआप सरकायची.

"मिस्त्री, कागद कोंबायला हा काय परीक्षेचा हॉल आहे?" मी चारचौघांत विचारलं.

"चुकलं, गुरुजी. घाईत झालं. करून देतो."

आणि त्याने करून दिलं. दोन्ही खिडक्या काढल्या, कागद उपसला, सिमेंट भरलं, सूत लावून पुन्हा बसवल्या. हे मी त्यानंतर कोणालाच सांगितलं नाही. कागदाचं मात्र सगळ्यांना सांगितलं.

तो गेल्यावर मंडईसाठी घराला चुना मारायला मी स्वतःच उभा राहिलो. तेव्हा खिडक्यांची काच ज्यात सरकते त्या खालच्या रुळाला बाहेरच्या बाजूने भोकं दिसली, प्रत्येकीला तीन. माझं डोकं फिरलं. ज्याने कागद कोंबला त्याने भोकंही तशीच सोडली, असं म्हणत मी घट्ट चुना कालवला, एकेक भोक बुजवलं आणि वरून बोट फिरवून गुळगुळीत केलं. पाहुण्यांनी घराची तारीफ केली.

पावसाळ्यात रुळात पाणी साचून घरात ओसंडू लागलं. गाद्या भिजल्या, भिंतीला पोपडे आले. शेजारी कुंपणावरून म्हणाला, "गुरुजी, खिडकीत मासोळ्या सोडल्या का जी?" तो हसला, माझं पित्त खवळलं. मी मिस्त्रीला बोलावणं धाडलं. डोक्यावर पोतं घेऊन तो भर पावसात आला. मी फाटकातच उभा होतो.

"एक डाव पाहू द्या ना जी. पाणी कुठून येऊन राह्यलं, ते तर समजू द्या."

"खिडकीला हात लावायचा नाही. मागे कागद कोंबलास, आता काय कोंबणार?"

"हात नाई लावत. बाहेरूनच पाहतो."

"आधी फाटकाच्या बाहेर हो."

त्याने पाहिलं असतं तर क्षणात त्याच्या लक्षात आलं असतं. मी पाहू दिलं नाही. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण माझ्या जुन्या शाळेच्या नव्या खोल्या बांधून होत होत्या आणि तिथल्या खिडक्यांचं काम त्यालाच मिळणार होतं. त्या भरवशावर त्याने दोन कारागीर कामाला ठेवले होते. मी शाळेच्या समितीपुढे जाऊन सांगितलं, हा माणूस लबाड आहे. समितीने माना डोलावल्या. एकानेही येऊन माझी खिडकी पाहिली नाही. त्यांचाही मला राग येतो, पण त्या रागाआड लपायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. काम बाहेरच्या माणसाकडे गेलं.

पुढच्या दिवाळीत पुन्हा चुना मारताना एका भोकातला गोळा हलला. खिळ्याने टोकरला तर रुळात साचलेलं परतीच्या पावसाचं गढूळ पाणी भिंतीवरून बाहेर ओघळलं. बाकीची दोन भोकं मोकळी केली आणि तांब्याभर पाणी रुळात ओतलं. सगळं बाहेर गेलं, थेंबही आत आला नाही. पत्नी बादली धरून मागे उभी होती.

"ते भोकं पाण्यासाठीच होते," ती म्हणाली. "आजच सांगून या त्यायले. शाळेतही सांगा."

"मंडई होऊ दे."

मंडई झाली. मग संक्रांत झाली. "तोंड काऊन लपवता?" असं तिने एकदाच विचारलं. उन्हाळ्यात त्याच्या दुकानाला कुलूप दिसलं. तो बायको-पोरांना घेऊन चंद्रपूरला गेला, असं कळलं.

बऱ्याच वर्षांनी चंद्रपूरला मुलीच्या घरी गेलो, तेव्हा तिथे खिडक्या बदलणं चालू होतं. कंत्राट दुसऱ्या कोणाचं होतं. आमचा तो मिस्त्री तिथे रोजीने लागलेला होता. दाढी पांढरी झाली होती, तरी मी ओळखलं. त्यानेही ओळखलं आणि हात पुसून सलाम केला. मग रुळाच्या भोकांवर बोट ठेवून माझ्या मुलीला म्हणाला, "बाई, हे कधी बुजवू नका. पाणी इथूनच बाहेर जाते." आणि माझ्याकडे वळला.

"तुमच्या घरी आता येत नाई ना पाणी, गुरुजी?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी सुटलो असतो.

सगळं ओठांपर्यंत आलं होतं. भोकं मीच बुजवली होती, मिस्त्री. तुम्ही दुरुस्त करून दिलेलं काम चोख होतं. शाळेत तुमचं नाव मी खराब केलं. मला माफ करा.

"नाही येत," मी म्हणालो, आणि त्याच्यासाठी चहा सांगायला आत गेलो.