गोणपाटाखालचे तापमान

१९ एप्रिल २०२२, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे : ८६ अंश. पुण्याच्या वसतिगृहात बसून केलेली ही नोंद आजही माझ्या फाइलमध्ये आहे.

एमएस्सीच्या प्रकल्पाचे गणित तेव्हा वारूळवाडीच्या आमच्या घरातील संगणकावर चालले होते. माझ्या लॅपटॉपपेक्षा तो कितीतरी दमदार. पण टोमॅटोच्या बागेचे सारे हिशेब त्यावर असल्याने त्यातले काही हलवायचे नाही, ही वडिलांची अट. म्हणून मी त्यातच एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या पोटात दुसरा संगणक, उभारला. पुण्याहून मला हा आतलाच दिसे, आणि त्याला बाहेरच्या तापमानाचा पत्ता नसे. त्यामुळे बाहेरच्याने दर मिनिटाला आपले तापमान एका सामायिक फोल्डरमध्ये लिहावे आणि आतल्याने ते वाचावे, अशी व्यवस्था केली होती. शंभराला यंत्र आपोआप बंद पडणार होते. थांबलेले गणित तिथूनच पुढे नेण्याची सोय मात्र मी ठेवली नव्हती. नऊ दिवसांचे काम गेले असते आणि प्रकल्प पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी द्यायचा होता.

८९. ९३. मी घरी फोन लावला.

"अप्पा, कॉम्प्युटरला काय झालंय?"

"काय न्हाई. लई तापला व्हता, म्हनून गोणपाट भिजवून, पिळून टाकलंय. टोमॅटोच्या क्रेटवर टाकतो तसं."

"काढा ते आधी! हवा कोंडलीय त्याची."

"अगं, हात लावून बघितला. गार लागतोय."

"आत पंच्याण्णव आहे. मला दिसतंय इथं."

"मी म्होरं उभा हाय, अन् दिसतंय तुला?"

मागून आई म्हणाली, "काढा की वो! पोरीनं काय टोमॅटो भरल्यात व्हय त्यात?"

गोणपाट निघाले, टेबलफॅन लागला. ९७ वर आकडा क्षणभर अडला आणि मग उतरू लागला.

त्यानंतर रोज दुपारी अप्पांचा फोन येई, "किती हाय आता?" मी आकडा सांगे; ते तो आईला मोठ्याने ऐकवत. आज माझी गणिते वातानुकूलित खोलीतल्या यंत्रांवर चालतात. त्यांचे तापमान मला कोणी विचारत नाही, आणि दुपारी मी उगाच फोनकडे पाहते.

प्रकल्प द्यायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी गणित पूर्ण झाले. अप्पांना कळवण्यापूर्वी मी शेवटची नोंद केली : ६४ अंश.