पाय धुण्याचा नळ

लातूर जिल्हा नवा झाला त्या वर्षीच्या दुष्काळात औशाच्या जगदेवीअक्का कोकणात बदली झालेल्या जावयाकडे गेल्या. त्याने त्यांना समुद्रकाठची सरकारी बाग दाखवायला नेलं. बागेतल्या माहिती केंद्रात मांडलेले शंखशिंपले अक्कांनी भराभर पाहिले, पण बाहेरच्या नळापाशी त्या थबकल्या. लोक पायांची वाळू धूत होते आणि गोडं पाणी वाहून चाललं होतं. घरी अक्का घमेल्यात बसून अंघोळ करायच्या आणि तेच पाणी लिंबोणीला घालायच्या. त्यांनी माळ्याचं घमेलं उचललं अन् नळाखाली ठेवलं.

"ह्यात उभं राहून धुवा रे! पाणी झाडाला घालते."

रखवालदार हसला. "आजी, इथं पाण्याला काय तोटा? समोर अख्खा समुद्र आहे."

"हाव, बघितला की. त्यातलं तांब्याभर पिऊन दाखव, मंग उचलते घमेलं."