पायरीकाकांची दुपारी दोनची परीक्षा

पायरीकाकांइतका हट्टी माणूस मी पाहिला नाही, आणि त्यांचा आला तेवढा राग मला दुसऱ्या कुणाचा आला नाही. अजून येतो. रेल्वेतून निवृत्त होऊन जयपूरच्या तिलक नगरात राहणारे हे भुसावळचे गृहस्थ आमच्या नात्यातले कुणीच नव्हेत. बाबांची बदली जयपूरला झाली तेव्हा इथल्या गणपतीत ओळख झाली, एवढंच. कॉम्प्युटरचा प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा, पण जळू द्यायचा नाही, हा त्यांचा छंद. वेग ते एका वेळी एकच पायरी वाढवायचे, म्हणून आम्ही पोरांनी पायरीकाका नाव ठेवलं.

एक पायरी चढवली की तीन तास मशीनकडून ढोरमेहनत करून घ्यायची आणि दर दहा मिनिटांनी तापमान वहीत टिपायचं. मधे कुणी बोललेलं चालत नसे. "काका, अजून एक वाढवा ना," म्हटलं की चष्म्यावरून बघायचे. "व्होल्टेज मिठासारखं आहे, बेटा. कमी पडलं तर घालता येतं." एवढंच म्हणून पुन्हा वहीत डोकं. बॅकअप घेतलेला नसेल तर मशीनला हात लावत नसत आणि चहाही घेत नसत. जाळीतली धूळ काढायला खिशात एक जुना रंगाचा ब्रश असायचा. तो नेमका माझ्या नाकासमोर झटकायचे.

पण डोकं फिरवणारा नियम वेगळाच होता. शेवटची परीक्षा मे महिन्यात, दुपारी दोन वाजता! "जानेवारीत जयपुरात काहीही चालतं," ते म्हणायचे. "मेमध्ये चाललं तर चाललं म्हणायचं."

मी तेव्हा आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला कुणाचंही ऐकायचं नव्हतं. जानेवारीत, अंगात स्वेटर, पायात मोजे, मी त्यांच्या नकळत माझ्या मशीनवर चार पायऱ्या चढवल्या. मशीन सुसाट पळालं. त्यांना कळलं तेव्हा एवढंच म्हणाले, "दोन उतर." मी म्हटलं, "काका, मतलब, आजकाल सगळे एवढं करतात." मग दोन आठवडे त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

मेमध्ये व्हायचं तेच झालं. मी आखलेल्या इमारतीतून फिरवून आणणारी चार मिनिटांची फिल्म मशीनवर तयार होत होती. परवा जमा करायची होती, नाहीतर वर्ष बुडालं असतं. आणि मशीन दर अर्ध्या तासाने बंद पडत होतं. मी काय अक्कल पाजळावी? कॅबिनेट उघडून सरळ खोलीतल्या कूलरपुढे ठेवलं, ओल्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, वाऱ्यात. तरी बंद पडलंच. रडत काकांना फोन केला. मला वाटलं, उन्हं उतरल्यावर येतील. पण दोनच्या ठोक्याला वैशाली नगरात आमच्या दारात त्यांची स्कूटर.

आत आल्याआल्या त्यांनी कूलरच बंद केला. "पाण्याची हवा आहे ही! बोर्ड सडवायचाय का?"

"बरं, मग कूलर तुमच्याकडे फिरवते."

"नको. खोली गार झाली की आकडा खोटा येतो."

दोन पायऱ्या उतरवून ते तीन तास वही घेऊन बसले. पंखा भट्टीची हवा खाली ढकलत होता. आधी त्यांचा शर्ट पाठीला चिकटला, मग कोरडा पडला. मला वाटलं, चला, आता बरं वाटतंय त्यांना. पन्हं अर्धा ग्लास प्यायले. "थांबा हो थोडं," म्हटलं तर, "काकू वाट बघते."

घरी पोचले, स्कूटर स्टँडवर लावली आणि जिन्यातच बसले. ऊन लागलं, घाम आटला तीच खूण होती, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी गेले. माझी फिल्म एकदाही न अडकता पूर्ण झाली. मी पास झाले.

तेराव्याला कुणीतरी म्हणालं, आवडीचं काम करताकरता गेले, भाग्यवान. भाग्य कसलं डोंबलाचं! मी तिथून ताडकन उठले. काकूंनी दारात गाठून वही माझ्या हातात ठेवली. शेवटचं पान माझ्या मशीनचं होतं. "दुसरी पायरी. ८२. स्थिर. खोली ४३. पोरगी कुणाचं ऐकत नाही."

ऐकते हो, काका. मशीन अजून दुसऱ्याच पायरीवर आहे. पण तुम्ही कुणाचं ऐकलंत? प्रोसेसरला किती सोसतं ते तोंडपाठ, आणि स्वतःला किती सोसतं हे कधी बघितलंत? खोली त्रेचाळीस, हे तुम्हीच लिहिलंय की, तुमच्याच अक्षरात!

आणि मी? कूलरचं बटण माझ्या हातापासून वीतभर लांब होतं.